आधी स्वतः भरू, मग दुसऱ्याला देऊ?

प्रश्न थोडक्यात असा. अकरा वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेले एक बंधू विचारतात: रविवारची उपासना सहसा चुकत नाही, गायनमंडळात आहे, दशांश देतो, पण आत काही वाढतंय असं वाटत नाही. प्रार्थनेला बसलो की त्याच चार ओळी तोंडी येतात. अशात पाळकांनी नुकताच विश्वासात आलेला एक तरुण माझ्याकडे सोपवला आहे, 'याला शिष्यत्वात वाढवा' म्हणून. मीच कोरडा, त्याला काय देणार? आधी स्वतःचं बघावं आणि मग त्याच्याकडे वळावं का? आणि वेळ काढायला गायनमंडळ सोडावं का?

गायनमंडळाचं शेवटी बोलू. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच देते: थांबू नका. याच आठवड्यात त्याच्याबरोबर बसा. गेली २६ वर्षं मी मंडळीत हेच काम करते आहे. नव्या विश्वासणाऱ्यांबरोबर बसते, त्यांच्याबरोबर वचन वाचते आणि बरेचदा त्यांच्याकडूनच काहीतरी शिकून घरी येते. 'आधी मी तयार होतो, मग दुसऱ्याला घेतो' म्हणणारी माणसं या काळात पुष्कळ भेटली. त्यातली फार थोडी तयार झाली. कोरडेपणा जिथे आहे ती जागा एकट्याने शोधून सापडत नाही. समोर कुणीतरी बसून साधा प्रश्न विचारतो, 'दादा, तुम्ही रोज कसं वाचता?', आणि आपण उत्तर द्यायला तोंड उघडतो, तेव्हा ती सापडते.

आपला घोळ 'शिष्य' या शब्दापासूनच सुरू होतो. शिष्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गुरू येतो, आणि गुरू म्हटलं की पोचलेला माणूस. नव्या करारात, म्हणजे पवित्र शास्त्राच्या दुसऱ्या भागात, शिष्य म्हणजे शिकणारा, एवढंच. हा शब्द तिथे अडीचशेहून जास्त वेळा येतो आणि तोही फक्त शुभवर्तमानांत आणि प्रेषितांच्या कृत्यांत. 'ख्रिस्ती' हा शब्द उभ्या नव्या करारात तीनदाच आहे. अंत्युखियात लोकांनी हे नाव पहिल्यांदा दिलं ते शिष्यांनाच, आणि त्याच्या आधी काय घडलं ते प्रेषितांची कृत्ये ११ मध्ये आहे: बर्णबा तार्सास जाऊन शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, शोधून घेऊन आला आणि दोघे पूर्ण एक वर्ष त्या मंडळीबरोबर राहून शिकवत होते. एक वर्ष, त्याच लोकांबरोबर. शौलालाही तोवर कुणी 'प्रेषित पौल' म्हणून ओळखत नव्हतं. बर्णबाने त्याला कामात ओढलं आणि तो कामात घडला.

मार्क ३:१४ वाचा. येशूने बारा जणांना नेमलं त्याचं पहिलं कारण तिथे दिलं आहे: त्यांनी त्याच्याबरोबर असावं. उपदेशाला पाठवणं त्यानंतर येतं. मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातली आज्ञाही आपण घाईने वाचतो. जे आज्ञापिलं ते सगळं 'शिकवा' असं ते वाक्य नाही. ते 'पाळायला' शिकवा, असं आहे. पोहायचं पुस्तक वाचून दाखवणं वेगळं आणि पाण्यात उतरून शेजारी उभं राहणं वेगळं.

हा फरक मला फार उशिरा कळला. सुरुवातीच्या वर्षांत मी मोठ्या हौसेने चाळीस धड्यांची वही तयार केली होती. तारण, कृपा, पवित्र आत्मा, प्रार्थना, सगळं क्रमाने, प्रत्येक धड्याखाली वचनांचे संदर्भ आणि भरायच्या रिकाम्या जागा. एका बहिणीने चाळीसच्या चाळीस धडे पूर्ण केले, एकही रिकामी जागा चुकली नाही. मी तिचं मंडळीत कौतुक केलं. त्या पूर्ण वर्षात तिचं आपल्या सख्ख्या जावेशी बोलणं बंद होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. माझ्या वहीत त्यासाठी रिकामी जागाच नव्हती.

ती वही मी फेकली नाही. सिद्धान्त लागतोच. ज्याला कृपा म्हणजे काय हे कळलेलं नाही तो दोन वर्षांत एकतर गर्विष्ठ होतो किंवा खचून जातो. पण शिष्य घडला की नाही हे वहीवरून ठरवणं मी सोडलं. आपल्याआधीच्या मंडळीला हे पक्कं ठाऊक होतं. 'प्रेषितीय परंपरा' म्हणून ओळखला जाणारा एक फार जुना मंडळीचा ग्रंथ आहे, त्यात बाप्तिस्म्याची वाट पाहणाऱ्याने तीन वर्षं वचन ऐकावं असं सांगितलं आहे. लगेच पुढे म्हटलं आहे की माणूस मनापासून लागला असेल तर काळ मोजू नका, वागणूक बघा. आणि बाप्तिस्म्याआधी त्याच्याबद्दल काय विचारायचं? त्याने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटायला गेला का, चांगली कामं केली का. पाठांतराची परीक्षा तिथे नाही.

दुसरं उदाहरण मला नेहमी हसवतं. १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉन वेस्ली या उपदेशकाच्या लोकांवर सभागृहाचं कर्ज होतं. कुणीतरी सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. मग बाराबारांचे गट केले आणि प्रत्येक गटात एकाने दर आठवड्याला घरोघर जाऊन पैसे गोळा करायचे ठरलं. ही माणसं पैसे मागायला दारात गेली आणि घरात काय चाललं आहे ते त्यांना दिसलं: कुठे दारू, कुठे भांडण, कुठे कुणी आजारी. वेस्लींच्या लक्षात आलं की आपल्याला इतके दिवस हवी होती ती गोष्ट हीच. वसुलीसाठी केलेले गट पुढे 'क्लास' म्हणून दर आठवड्याला एकत्र बसू लागले आणि एकमेकांच्या आत्म्याची विचारपूस करू लागले. मेथडिस्ट चळवळ या छोट्या गटांवर उभी राहिली. योजना वसुलीची होती, पण कुणीतरी दारापर्यंत गेलं.

आता तुमच्या कोरडेपणाकडे येते. 'वाढ होत नाही' आणि 'वाढ दिसत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्काच्या चौथ्या अध्यायातला पेरणारा रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी रुजतं आणि वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. आपली वाढ आपल्याला आतून मोजता येत नाही, कारण आपण आत मोजतो त्या भावना असतात. पहिल्या वर्षी गाताना डोळे भरून यायचे, आता येत नाहीत, म्हणून आपण म्हणतो मी थंड झालो. कदाचित झालाही असाल. पण कदाचित त्या पहिल्या दिवसांचा गोडवा ओसरून जबाबदारी आली असेल. लग्नाच्या पहिल्या महिन्यावरून अकरावं वर्ष मोजत नाहीत.

म्हणून मी वेगळं माप वापरते. गलतीकरांस पत्र ५:२२-२३ मधलं आत्म्याचं फळ बघा: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यातल्या बहुतेक गोष्टी एकट्या खोलीत दिसूच शकत नाहीत. सहनशीलता दिसायला त्रास देणारा माणूस लागतो. तेव्हा प्रश्न स्वतःला न विचारता घरातल्या माणसाला विचारा. बायकोला, आईला, मोठ्या मुलाला: 'गेल्या दोन वर्षांत माझ्याबरोबर राहणं सोपं झालं की अवघड?' विचारल्यावर गप्प बसून ऐका. मी एकदा माझ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, 'आई, तू अजून रागावतेस तेवढीच, पण आता सॉरी लवकर म्हणतेस.' पूर्वी मला चूक कबूल करायला आठवडा लागायचा, आता दिवस मावळायच्या आत होतं, कधीकधी. मी त्या वर्षी किती अध्याय वाचले ते मला आठवत नाही, तिचं हे वाक्य आठवतं.

हे सगळं खरं असलं तरी कोरडेपणाला कारणं असतात, आणि सगळ्यांना एकच औषध देऊ नये. 'जास्त प्रार्थना करा' हे सल्ल्यांतलं सगळ्यात स्वस्त वाक्य आहे. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली बसून मरण मागतो. देव त्याला आधी उपदेश करत नाही. त्याला झोपू देतो, दूताकरवी उठवून खायला-प्यायला देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खाऊ घालतो. होरेब डोंगरावरचं बोलणं त्यानंतर. तुम्ही नोकरी, घर, गायनमंडळाची तालीम आणि कमिटीच्या सभा यांत पिळून निघाला असाल तर कदाचित तुम्हाला झोप हवी आहे. महिनोन्महिने उदासी असेल, झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. ते अविश्वासाचं लक्षण नाही. गुडघा दुखला तर आपण जातोच ना?

कधी मात्र कारण साधं आणि कडू असतं: कुठेतरी एक दार आपण बंद ठेवलेलं असतं. कुणाला क्षमा केलेली नसते, किंवा काहीतरी लपवलेलं असतं. अशी माणसं बहुधा सेवा वाढवतात. मीही वाढवली होती. मंडळीतल्या एका व्यक्तीवर माझा राग होता आणि ती दोन वर्षं मी सगळ्यात जास्त सभा घेतल्या. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पापं एकमेकांजवळ कबूल करा असं म्हटलं आहे. 'एकमेकांजवळ' हा शब्द आपण गिळून टाकतो. देवाजवळ शंभर वेळा म्हटलेली गोष्ट एका भरवशाच्या माणसाजवळ एकदा मोठ्याने म्हटली की तिचं बळ अर्धं होतं.

त्याच चार ओळींबद्दल जास्त वाईट वाटून घेऊ नका. प्रार्थना शिकवा असं शिष्यांनी म्हटलं तेव्हा येशूने त्यांना ठरावीक ओळीच दिल्या. ओळी त्याच असण्यात दोष नाही, पण त्या न ऐकता म्हणण्यात आहे. प्रभूची प्रार्थना एका ओळीवर दोन मिनिटं थांबत म्हणून पाहा. 'जसे आम्ही आमच्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' इथे आल्यावर बहुतेकांना पुढे जाताच येत नाही, कारण कुणाचा तरी चेहरा समोर येतो. आणि स्तोत्रं उसनी घ्या. १५० स्तोत्रांत मोठा भाग विलापाचा आहे. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी 'तरीही मी आनंद करीन' असं काही नाही. ज्या माणसाने ते देवाच्या पुस्तकात ठेवलं त्याला आपली कोरडी वर्षं माहीत होती. स्वतःचे शब्द सापडत नाहीत तेव्हा त्याचे वापरा.

वाचनाचं म्हणाल तर वर्षात पूर्ण पवित्र शास्त्र वाचायच्या योजना चांगल्या आहेत, पण त्या सगळ्यांसाठी नाहीत. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय, म्हणजे रोजचे साधारण सव्वातीन. मी सात वेळा सुरू केलं आणि पाच वेळा लेवीय या तिसऱ्याच पुस्तकात अडकले. अडकल्यावर अपराधीपणा येतो, आणि अपराधी माणूस पुस्तक उघडतच नाही. त्यापेक्षा एकच पुस्तक घ्या आणि महिनाभर त्यात राहा. फिलिप्पैकरांस पत्र चार अध्यायांचं आहे, पंधरा-वीस मिनिटांत एका बैठकीत होतं. तीस दिवस रोज तेच वाचा. दहाव्या दिवशी कंटाळा येईल. पंधराव्या दिवसाच्या सुमारास दिसायला लागेल की आनंदाची एवढी भाषा करणारा माणूस कैदेत बसून लिहितो आहे, आणि मंडळीतल्या दोन बहिणींचं पटत नाही म्हणून त्यांना नाव घेऊन विनवतो आहे. मंडळी तेव्हाही अशीच होती. उपवास, दान, शांतपणे बसणं यांवर लिहिण्यासारखं खूप आहे, पण तुमचा प्रश्न तो नाही. एका वेळी एकच सवय धरा, एवढं सांगून पुढे जाते.

त्या तरुणाबरोबर नेमकं काय करायचं? मी करते ते सांगते.

आठवड्यातून एकदा, एक तास, ठरलेल्या वेळी. तास म्हणजे तास, दीड नाही. लांबलेल्या भेटी तिसऱ्या महिन्यात बंद पडतात. मार्काचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय आहेत, आठवड्याला एक धरला तर चार महिन्यांत होतं. पहिल्या भेटीत शिकवू नका. तो विश्वासात कसा आला ते विचारा आणि मधे न बोलता ऐका. मग तुमचं सांगा, पाच मिनिटांत, आणि आजच्या कोरडेपणासकट सांगा. 'सध्या मला प्रार्थना जड जाते' हे वाक्य तुमच्या तोंडून ऐकल्यावर त्याचे खांदे सैल पडतील. नव्या माणसाला वाटत असतं की जुन्यांना सगळं सोपं जातं, आणि मग पहिल्याच अडचणीत तो समजतो की आपलंच काही खोटं आहे.

दुसऱ्या भेटीपासून अध्याय मोठ्याने वाचायचा, आळीपाळीने. मग त्याला विचारायचं: यात येशू कसा दिसला? काय खटकलं? आणि या आठवड्यात यातलं काय पाळायचं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आणि नेमकं हवं. 'मी जास्त प्रेम करीन' हे उत्तर चालत नाही. 'मंगळवारी भावाला फोन करीन' हे चालतं. पुढच्या भेटीची सुरुवात तिथूनच: फोन केला का? आणि हे महत्त्वाचं आहे, तुम्हीही एक गोष्ट ठरवायची आणि त्यानेही तुम्हाला विचारायचं. त्याच्या विचारण्याने तुमची अकरा वर्षं हलतील, माझा तरी असा अनुभव आहे. एका नव्या मुलीने मला सरळ विचारलं होतं, 'ताई, तुम्ही त्यांच्याशी बोललात का?' ती रागाची दोन वर्षं तिथे संपली.

त्याने फोन केलेला नसेल तर रागवू नका, उपदेशही करू नका. 'काय आडवं आलं?' एवढंच विचारा. खरी गोष्ट तिथून निघते. आणि त्याचे सगळे प्रश्न तुम्हाला सुटलेच पाहिजेत असं नाही. 'मला माहीत नाही, मी पाळकांना विचारून सांगतो' हे म्हणायला शिका, आणि मग खरंच विचारा. शेवटची दहा मिनिटं प्रार्थना, मोठ्याने, छोट्या वाक्यांत. तुम्ही लांबलचक आणि पुस्तकी भाषेत प्रार्थना केलीत तर तो वर्षभर तोंड उघडणार नाही. साध्या बोलीत करा, म्हणजे त्याला कळेल की देवाशी बोलायला वेगळी भाषा लागत नाही.

तास संपला तरी काम तिथे संपत नाही. आजारी माणसाला भेटायला जाल तेव्हा त्याला बरोबर न्या. उपासनेनंतर खुर्च्या उचलायला त्याला हाक मारा. प्रवचनात काय खटकलं, काय भिडलं ते परतीच्या वाटेवर बोला. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी विचारा की कुणाशी काही बिनसलं आहे का. मंडळीच्या कमिटीच्या सभेत तुमचं म्हणणं पडलं आणि तरी तुम्ही शांतपणे ठरलेलं काम केलंत, हे त्याने पाहिलं, तर तो धडा कुठल्याही वहीत नाही. (कमिटीच्या सभेइतकं माणसाचं आत्मिक वय उघडं पाडणारं ठिकाण मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.)

चुकीचं बोलला तर चारचौघांत दुरुस्त करू नका. प्रेषितांच्या काळातला अपुल्लोस उत्तम बोलायचा, शास्त्रात तरबेज होता, पण त्याचं ज्ञान अर्धं होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याला सभास्थानात टोकलं नाही, आपल्याकडे नेऊन नीट समजावलं. पुढे करिंथात तो किती उपयोगी पडला ते आपण वाचतोच.

काही कुंपणं मात्र आधीच घाला. स्त्रीने स्त्रीबरोबर, पुरुषाने पुरुषाबरोबर बसावं, हे तुमच्या बाबतीत आपोआपच होतं आहे. भेट बंद दाराआड नको. पाळकांना वेळ आणि जागा माहीत असू द्या. तो सांगेल ते तुमच्याजवळ राहील असं त्याला सांगा, आणि त्याच श्वासात हेही सांगा की कुणा मुलाला इजा होत असेल किंवा तो स्वतःच्या जिवाचं काही करायचं म्हणत असेल तर ते तुम्ही गुप्त ठेवणार नाही, योग्य माणसांपर्यंत नेणार. हे नंतर सांगितलं तर विश्वासघात वाटतो. आणि प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखाली त्याची गोष्ट दुसऱ्यांना सांगू नका. मंडळीत चुगली सगळ्यात जास्त याच वेषात फिरते.

मोठा धोका वेगळाच आहे, आणि तो चांगल्या माणसांनाही होतो: दुसऱ्याच्या आयुष्याचा ताबा घेण्याचा. १९७० च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडातून एक चळवळ पसरली, प्रत्येक विश्वासणाऱ्यावर एक 'मेंढपाळ' नेमायची. हेतू शिष्यत्वाचाच होता. पण लग्न कुणाशी करायचं, नोकरी कुठली धरायची, इथपर्यंत परवानगी घ्यावी लागू लागली आणि अनेक माणसं मोडली. त्या चळवळीतल्या एका प्रमुखाने पुढे जाहीर क्षमा मागितली. म्हणून त्याने तुम्हाला 'मी ही नोकरी घेऊ का?' असं विचारलं तर उत्तर देऊ नका. काय काय तोलायचं ते विचारा, त्याच्याबरोबर प्रार्थना करा आणि निर्णय त्याच्याकडे ठेवा. वर्षाअखेर तो तुमच्यावर जास्त अवलंबून असेल तर काहीतरी चुकलं आहे. पौलाने लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं देवाने. करिंथकरांना हे लिहावं लागलं, कारण तिथे लोक 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा' करू लागले होते. त्याने दुसऱ्या कुणाकडूनही शिकावं असं मुद्दाम करा.

आणि तो मधेच यायचा बंद झाला तर? होतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात हमखास एकदा तरी होतं. एक निरोप पाठवा, मग आठवड्याने दुसरा, त्यात 'का आला नाहीस' नको, 'आठवण आली' असू द्या. कुणाला मधेच सोडून गेलेला म्हणून कायमचा शिक्का मारू नका. मार्क पौल आणि बर्णबाला त्यांच्या पहिल्या फेरीत पंफुल्यात सोडून गेला होता. पौलाने त्याला पुढच्या फेरीला घेतलं नाही आणि त्यावरून त्याची आणि बर्णबाची इतकी जुंपली की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास गेला. वर्षांनंतर कैदेतून पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. मधल्या काळात बर्णबाने त्याच्याबरोबर काय केलं हे कुठेच लिहिलेलं नाही. माझा अंदाज विचाराल तर फार काही नाही, त्याला बरोबर ठेवलं. तुम्ही दोघे आता ज्या पुस्तकातून वाचणार आहात त्यावर याच माणसाचं नाव आहे, हे तो गैरहजर राहून परत आला की त्या दिवशी त्याला सांगा.

चार महिन्यांनी मार्क संपेल. तेव्हा त्याला विचारा की हेच तू कुणाबरोबर वाचशील. २ तीमथ्य २:२ मध्ये एकाच वाक्यात चार पिढ्या आहेत: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि ते ज्यांना शिकवतील ते. तो म्हणेल, 'मी अजून तयार नाही.' हे वाक्य तुम्ही कुठे ऐकलं आहे ते त्याला सांगा.

राहिलं गायनमंडळ. सोडू नका. अकरा वर्षं नियमाने तालमीला जाणारा माणूस निष्ठा म्हणजे काय ते त्या तरुणाला न बोलता शिकवतो आहे. दोन्हींची वेळ एकच येत असेल तर महिन्यातून एखादी तालीम सोडा, पण प्रमुखांना आधी कळवून सोडा. नाहीतर पहिल्याच भेटीत 'या आठवड्यात काय पाळायचं' याचं तुमचं उत्तर ठरलेलं असेल: गायनमंडळाच्या प्रमुखांची माफी मागणं.